दहावीला 86 टक्के, पीयूसीत नापास: आमची मुलगी बिघडली का?

दसरा झाला की खानापूर, बेळगाव, निपाणी भागातले आईवडील हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. मूल मराठी माध्यमातून दहावी झालेलं असतं, टक्के चांगले पडलेले असतात, हौसेनं सायन्सला घातलेलं असतं. आणि फर्स्ट पीयूच्या (कर्नाटकातली अकरावी-बारावी म्हणजे पीयूसी, तिचं पहिलं वर्ष) सहामाहीत दोन-तीन विषय जातात. मग घरात कारणं सुरू होतात. मोबाइलनं वाटोळं केलं, शहराची संगत लागली, दहावीला पेपर सोपे होते. आणि त्यापाठोपाठ घाईचे उपाय: आर्ट्सला बदलून घेऊ का, की कोल्हापूरला मामाकडे पाठवू?

जांबोटीच्या पलीकडच्या एका गावातलं कुटुंब असंच आलं होतं. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील भात आणि काजू करणारे. मुलगी बेळगावात आत्याकडे राहून शिकत होती. विषय फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायॉलॉजी. वडील बसले ते मान खाली घालूनच. "मॅडम, पोरगी हुशार हाय म्हणून घातलं की सायन्सला. आता लोकं हसायलेत." मुलगी एक शब्द बोलत नव्हती.

मी गुणांचा कागद मागितला. गणित चांगलं सुटलं होतं. फिजिक्स काठावर. केमिस्ट्री गेलं होतं आणि बायॉलॉजीत सगळ्यात कमी. हा उतरता क्रम बघितला की मला निम्मं उत्तर मिळतं. ज्या विषयात वाक्यं जास्त लिहावी लागतात, तिथंच गुण गेले होते. आळशी किंवा मोबाइलमध्ये बुडालेल्या मुलाचं गणित आधी बिघडतं, कारण त्याला रोजचा सराव लागतो. हिचं गणित शाबूत होतं.

पुढच्या भेटीला उत्तरपत्रिका आणायला सांगितल्या. एका गुणाचे पर्यायी प्रश्न बहुतेक बरोबर होते. आकृत्या नीट होत्या, नावं दिलेली होती. उदाहरणं सुटलेली होती. पाच गुणांचे प्रश्न मात्र कोरे, किंवा पाठ केलेल्या तीन ओळी आणि मग काहीच नाही. मी तिला म्हटलं, झाडात पाणी वर कसं चढतं ते मला मराठीत सांग. ती बोलायला लागली आणि थांबेचना. मुळं, खोड, पानांतून उडणारी वाफ, सगळं क्रमानं. वर हेही सांगितलं की काजूला मोहोर आल्यावर ढगाळ हवेत बाबांची झोप का उडते. वडील तिच्याकडे बघतच राहिले. एवढं येतंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण घरी कुणी तिला विषय विचारलाच नव्हता. सगळे गुण विचारत होते.

ज्यांच्या घरी अशी परिस्थिती आहे त्यांनी ट्यूशन वाढवण्याआधी एवढं तरी करून बघावं. मुलाला तोच धडा मराठीत समजावून सांगायला लावा. सांगता आला तर मूल मागे पडलेलं नाही, त्याची भाषा मागे पडली आहे. मराठीतही सांगता येत नसेल तर दुखणं वेगळं आहे आणि त्यावर वेगळं बोलावं लागेल. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठीत शिकता येतं, पण पीयूसीला सायन्स घेतलं की मराठी सुटते, वर्गात आणि पेपरात बहुतेक इंग्रजीच. दोन महिन्यांच्या सुटीत मुलानं ही उडी आपोआप मारावी असं आपण धरून चालतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

उपाय खर्चिक नव्हता. कर्नाटकात नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं मराठीत असतात तशीच इंग्रजीतही असतात. धडे तेच, आकृत्या त्याच. सरकारी पाठ्यपुस्तक संस्थेच्या संकेतस्थळावरून ती फुकट उतरवून घेता येतात. तिला पीयूचं जाड पुस्तक बाजूला ठेवायला लावून आधी दहावीचंच पुस्तक इंग्रजीत वाचायला दिलं. जे समजलेलंच आहे ते वाचायचं, म्हणजे डोक्यावर ओझं फक्त भाषेचं राहतं. रोज एका प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहायचं, पाठ करायचं नाही. तिच्या कॉलेजातले एक लेक्चरर स्वतः मराठी माध्यमातून आलेले निघाले. तास संपल्यावर मराठीत शंका विचारायला त्यांनी मोकळीक दिली. पहिले काही आठवडे तिनं रडून काढले. वार्षिक परीक्षेत सगळे विषय सुटले. गुण डोळे दिपवणारे नव्हते, पण ती सेकंड पीयूला गेली.

सेकंड पीयूच्या सुरुवातीलाच आम्ही चौघं पुन्हा बसलो, आणि आता बोलणं कॉलेजचं होतं. वडिलांना इंजिनिअरिंग हवं होतं, आईला मुलगी जवळ हवी होती. कर्नाटकात राहायचं की महाराष्ट्रात जायचं हा आपल्या घरांत नुसता शिक्षणाचा प्रश्न नसतो, हे मी जाणते. त्यात कुटुंबाचं मन गुंतलेलं असतं. म्हणून मी दोन्ही दारं उघडी ठेवायला सांगते. आधी कोर्स ठरवा, गाव नंतर ठरेल.

दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे. कर्नाटकात केसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून इंजिनिअरिंगची रँक लागते तेव्हा पीयूसीचे विषयांचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरतात. महाराष्ट्रात तिथल्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा, पर्सेंटाइल चालतो. तिथं बारावीच्या गुणांची पात्रतेपुरती अट असते. दोन्ही परीक्षा पर्यायी प्रश्नांच्या, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. लांब उत्तरात अडणाऱ्या मुलाला हे फायद्याचं आहे. मात्र एमएचटी-सीईटी महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर निघते, तेव्हा ती देणार असाल तर ती पुस्तकं वेगळी चाळावी लागतात.

कागदांचं मात्र आधीच बघा. पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर कर्नाटकात 15 टक्के ग्रामीण कोटा आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांचा अभ्यास दाखला आणि त्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. मराठी माध्यमाच्या मुलांनाही हा कोटा लागू होतो, तरी कितीतरी पालक "तो कन्नडवाल्यांचा" म्हणून सोडून देतात. कन्नड माध्यमाचा कोटा वेगळा, हा वेगळा. मराठा कुटुंबांनी 3बी चा (कर्नाटकातल्या मागासवर्गाच्या गटाचा) जात-उत्पन्न दाखला नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, वेळेत काढावा. तिकडे महाराष्ट्रात, ज्या 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे तिथल्या शाळा-कॉलेजातून दहावी किंवा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशात सीमाभागातले उमेदवार म्हणून अर्ज करता येतो. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. जूनच्या पावसात, शेवटच्या आठवड्यात त्यामागे पळणारे बाप मी दरवर्षी बघते.

या बैठकीत मुलीला विचारलं, तुला काय करायचंय? ती म्हणाली, "जंगलाचं काहीतरी." वडिलांना ते हसण्यावारी न्यायचं होतं. मी त्यांना सांगितलं की धारवाड कृषी विद्यापीठाचं फॉरेस्ट्री कॉलेज सिरसीला आहे, चार वर्षांची पदवी आहे आणि तिथला प्रवेशही केसीईटीतूनच होतो. शेतकऱ्यांच्या मुलांना कृषी पदव्यांसाठी वेगळा कोटा असतो. त्यात प्रात्यक्षिक परीक्षा असते, बियाणं, अवजारं ओळखायची. तेव्हा मात्र बाप पहिल्यांदा मोकळेपणी बोलला. "बियाणं ओळखायला हिला कोण शिकवायचंय?"

सेकंड पीयूच्या पहिल्या बोर्ड परीक्षेत केमिस्ट्रीला कमी पडले. घरात पुन्हा धाकधूक. पण 2024 पासून कर्नाटकात पीयूसी बोर्डाची परीक्षा एका वर्षात एकापेक्षा जास्त वेळा होते आणि जास्त पडलेले गुण धरतात. तिनं केमिस्ट्री दुसऱ्या परीक्षेत पुन्हा दिलं आणि गुण वाढवून घेतले. एमएचटी-सीईटीही दिली होती. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगची जागा मिळण्यासारखी होती. दोन्ही निकाल समोर ठेवून घरी दोन रात्री बोलणं झालं. आईवडील एसटीनं सिरसीला जाऊन कॉलेज आणि मुलींचं हॉस्टेल बघून आले, मग ऑप्शन एंट्रीत, म्हणजे प्रवेशाच्या पसंतीक्रमात, फॉरेस्ट्री वर टाकलं. तिथंच जागा मिळाली.

धाकटा भाऊ आता नववीत आहे. वडिलांनी परवा फोन करून विचारलं, ह्याला सायन्सला घालावं का? मी म्हटलं, ते दहावीनंतर त्यालाच विचारा. आत्ता फक्त विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उतरवून द्या, आणि आठवड्यातनं एकदा त्याच्याकडनं एक धडा मराठीत ऐका.