पालेभाज्या शिजवल्यावर त्यातलं पोषण निघून जातं का? कच्च्याच खाव्यात का?

नाही, निघून जात नाही. काही गोष्टी कमी होतात, काही उलट जास्त अंगी लागतात. एवढं लिहून थांबले असते, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ना, की घरातले म्हणतात "शिजवलेली पालेभाजी म्हणजे नुसता चोथा", ते वाचून राहवलं नाही. अगदी हाच चोथा शब्द माझ्या दादाने आईला ऐकवला होता, त्याला आता सात वर्षं झाली, आणि आमचं दोघांचं ते भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही.

आई पालक करायची तो असा. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्यायचं, त्यात पानं टाकायची, झाकण अजिबात ठेवायचं नाही, दोन-तीन मिनिटांत चाळणीवर ओतायची, गार पाणी मारायचं आणि मग दोन्ही हातांनी दाबून दाबून पिळायची. परातभर पानांचा शेवटी दोन मुठींएवढा गोळा उरायचा. त्या दिवशी ते हिरवट पाणी बेसिनमधून जाताना दादाने पाहिलं. तो तेव्हा कसले कसले व्हिडिओ बघायचा. म्हणाला, "आई, सगळं सत्त्व तू बेसिनमध्ये ओततेस आणि आम्हाला इतकी वर्षं चोथा वाढतेस." आई काहीच बोलली नाही, चाळणी हातात धरून तशीच उभी राहिली. त्यानंतर दोन वर्षं तिने पालक केला नाही. विचारलं की म्हणायची, "नको गं, मला ते नीट जमत नाही." चाळीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई असं म्हणते! मला राग त्याचा आहे, पोषणाचा मुद्दा नंतरचा.

आता आकडे, कारण दादाला आकड्यांशिवाय काही पटत नाही. 100 ग्रॅम कच्च्या पालकात क जीवनसत्त्व साधारण 28 मिलिग्रॅम, उकडलेल्यात 10 च्या आसपास. फोलेट, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, 194 मायक्रोग्रॅमवरून 146 वर येतं. लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, गेलं! अरे पण खाताना तुम्ही वजन करून खाता का? एक कप कच्ची पानं म्हणजे जेमतेम 30 ग्रॅम, सगळी हवाच. तोच कप शिजवलेल्या पालकाने भरला तर 180 ग्रॅम. म्हणजे कपभर कच्च्या पानांतून क जीवनसत्त्व 8-9 मिलिग्रॅम मिळणार आणि कपभर शिजवलेल्यातून 17-18, एवढं सगळं "गेल्यानंतर" सुद्धा दुप्पट. फोलेट 58 विरुद्ध 260. लोह पाऊण मिलिग्रॅम विरुद्ध 6 च्या पुढे. परातभर कच्चा पाला रोज चावून खाणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि बीटा कॅरोटिन, म्हणजे ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं ते, पानाच्या पेशींत घट्ट अडकलेलं असतं. शिजवल्यावर पेशी फुटतात, ते मोकळं होतं, पण त्याला आणि के जीवनसत्त्वाला अंगात शिरायला तेल-तूप लागतं. आई पिळलेला पालक लसणीच्या फोडणीत परतायची, दादा पाण्यात फिरवलेला कच्चा रस प्यायचा. सांगा कोणाचं बरोबर?

हो, रस. चोथा प्रकरणानंतर त्याने रोज सकाळी जुडीभर कच्च्या पालकाचा ग्लासभर रस सुरू केला, दोन वर्षं नेमाने. मग एका रात्री कंबरेतून कळ आली ती पहाटेपर्यंत थांबेना, सहा मिलिमीटरचा मुतखडा निघाला. खडा पडल्यावर तपासायला दिला, तर कॅल्शियम ऑक्सलेट. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की पालक किती खाता. पालकात ऑक्सलेट, म्हणजे कॅल्शियमशी बांधलं जाणारं एक द्रव्य, प्रचंड असतं, 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅमच्या वरच बहुतेक वेळा. त्यातलं विरघळणारं ऑक्सलेट भाजी उकळून पाणी टाकलं की 30 पासून 87 टक्क्यांपर्यंत कमी होतं, नुसती वाफवली तर एवढं कमी होत नाही. आई बेसिनमध्ये ओतत होती ते हे! तिला ऑक्सलेट शब्द माहीत नव्हता, ती म्हणायची पाणी नाही काढलं तर दातांना खरखर लागतं. ती खरखर ऑक्सलेटचीच.

याच ऑक्सलेटमुळे पालकातलं कॅल्शियम कागदावर भरपूर दिसतं पण त्यातलं जेमतेम 5 टक्के शरीर घेतं, दुधातलं 30 च्या आसपास. तेव्हा कॅल्शियमसाठी पालक खाऊ नका. पालकासोबत दूध-दही-पनीर असेल तर मात्र ऑक्सलेट आतड्यातच बांधलं जातं आणि लघवीवाटे कमी जातं.

दादाचं एक बरोबर होतं हे मान्य करते. पाण्यात सत्त्व जातंच. फोलेट आणि क दोन्ही पाण्यात विरघळणारी, फोलेटचं तर नावच लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून, 1941 मध्ये ते पालकाच्या पानांतूनच वेगळं काढलं. म्हणून पाणी टाकायचं ते पालकासारख्या ऑक्सलेटवाल्या भाजीचं. मेथी, मुळ्याचा पाला, कोबी, केल यांचं पाणी टाकायचं काही कारण नाही, थोड्या पाण्यात शिजवा आणि ते तिथेच आटवा. चिरायच्या आधी धुवा, चिरून मग धुतली तर तिथेच निम्मं काम बिघडतं. रंग टिकवायला खायचा सोडा घालू नका, भाजी हिरवीगार दिसते पण क आणि ब-1 दोन्ही मरतात. झाकण न ठेवण्याचं कारण हेच की पानातली आम्लं वाफेबरोबर उडून जातात, नाहीतर ती हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतात आणि भाजी काळपट पडते. पण काळपट झाली म्हणजे निकामी झाली असं नाही, खा.

लोहासाठी खात असाल तर वर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा-कॉफी नको. नुसत्या भाजीने हिमोग्लोबिन भराभर चढेल अशी आशा धरू नका, कमी असेल तर गोळ्या घ्या.

आई पालक परत करायला लागली ती दादाच्या खड्यानंतर, त्याच्यासाठीच. तो खातो, पिळलेला. पण "चुकलं माझं" असं अजून म्हटलेलं नाही त्याने तिला, आणि मी दर वेळी ते काढते म्हणून आमचं वाजतं. तुमच्याकडे चोथा कोण म्हणतं माहीत नाही, पण स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या तोंडावर म्हणत असेल तर आधी ते थांबवा.

राहिलेलं सांगते. रसानेच खडा झाला असं मी म्हणत नाही, दादा पाणीही कमी प्यायचा, आणि रोज पालक खाऊन ठणठणीत असलेले लोक खूप आहेत. ज्यांना खड्याचा त्रास होऊन गेलाय त्यांनी मात्र जपावं. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी कच्ची असो की शिजवलेली, एकदम वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका, के जीवनसत्त्वामुळे औषधाचं गणित बिघडतं, डॉक्टरांना विचारा. कोशिंबिरीत कच्ची पानं आवडत असतील तर जरूर खा, त्याला माझा विरोध नाही.

मायक्रोवेव्हचं विचारलंय तुम्ही. पाणी जवळजवळ लागत नाही आणि वेळ कमी, त्यामुळे फोलेट आणि क चांगलं टिकतं. पालकाचं ऑक्सलेट मात्र आतच राहतं. उरलेली भाजी ओट्यावर ठेवू नका, गार झाली की फ्रीजमध्ये टाका.