ताप १०२ आणि ऊन ४५: जास्त गरम काय?

प्रश्न : एप्रिल महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या मुलाला ताप आला. नव्या डिजिटल थर्मामीटरवर ३८.९ हा आकडा पाहून सासूबाई म्हणाल्या, ‘‘अडतीसच त हाय, ताप कायचा?’’ संध्याकाळी आशाताईंनी त्यांच्या थर्मामीटरने मोजला, तर १०२ भरला. त्याच दिवशी पारा ४५ अंशांवर गेल्याची आणि तो सरासरीपेक्षा ५ अंशांनी जास्त असल्याची बातमी होती. थोरल्या मुलीने शाळेतले सूत्र लावून ही वाढ ४१ अंश फॅरनहाइट काढली. खरे काय मानावे?
– एक वाचक, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : दोन्ही थर्मामीटर बरोबर होते आणि ताप खराच होता. आपल्याकडे हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये सांगतात, तर अंगातला ताप काचेच्या जुन्या थर्मामीटरच्या सवयीने अजूनही फॅरनहाइटमध्ये मोजला जातो. त्यामुळे एकाच घरात, एकाच दिवशी, १०२ आणि ४५ हे आकडे शेजारी येतात आणि ताप उन्हापेक्षा दुपटीने तापलेला वाटू लागतो. प्रत्यक्षात ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ११३ अंश फॅरनहाइट. म्हणजे त्या दुपारची हवा तुमच्या मुलाच्या तापलेल्या अंगापेक्षाही अधिक गरम होती.

फॅरनहाइट यांनी आपली मोजपट्टी १७२४ मध्ये प्रसिद्ध केली. स्वीडनच्या सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये शंभर भागांची पट्टी मांडली, पण तीत उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणबिंदूला १०० दिले होते. ती उलटी करून आजचे रूप नंतर मिळाले. आज सेल्सिअसमध्ये पाणी ० अंशांवर गोठते आणि १०० वर उकळते, फॅरनहाइटमध्ये तेच ३२ आणि २१२ वर घडते. मधल्या अंतराचे एका पट्टीवर १०० भाग पडतात, दुसरीवर १८०. म्हणून सेल्सिअसचा एक अंश फॅरनहाइटच्या १.८ अंशांएवढा मोठा असतो.

कागद-पेन्सिल नसली तरी हिशेब जमतो. सेल्सिअसच्या आकड्याची दुप्पट करावी, तिचा दहावा भाग वजा करावा आणि ३२ मिळवावेत. ३८.९ ची दुप्पट ७७.८, त्यातून ७.८ गेले, उरले ७०. अधिक ३२, झाले १०२. आशाताईंचा आकडा तंतोतंत जुळतो. उलट जाताना आधी ३२ वजा करून उरलेल्याला १.८ ने भागावे. निदान ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४ आणि ४० म्हणजे १०४ एवढे तीन आकडे तरी सासूबाईंना जरूर पाठ करायला सांगा, कारण अडतीस हा आकडा लहान दिसतो म्हणून ताप अंगावर काढणे लहान मुलाच्या बाबतीत महागात पडू शकते.

मुलीची चूक मात्र अधिक शिकण्याजोगी आहे आणि ती शिकल्यासवरलेल्यांकडूनही होते. ३२ मिळवायचे ते दोन पट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या जागी असल्यामुळे. ‘सरासरीपेक्षा ५ अंशांनी जास्त’ हे तापमान नसून दोन तापमानांतला फरक आहे, आणि फरक काढताना दोन्हीकडचे ३२ एकमेकांत कटून जातात. तेव्हा केवळ १.८ ने गुणावे : ही वाढ ९ अंश फॅरनहाइटची, ४१ ची नव्हे. हवामान खाते मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असताना ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वाढले की उष्णतेची लाट मानते. हे ४.५ अंश म्हणजे ८.१ अंश फॅरनहाइट.

जाता जाता, तुमच्या भागासाठी एक व्यवहाराची गोष्ट. टिनाच्या छताखाली फळीवर ठेवलेल्या काचेच्या थर्मामीटरमधला पारा दुपारी कोणाला न लावताच वरच्या टोकाला जाऊन बसतो, आणि खोलीच तापलेली असल्यामुळे कितीही झटकला तरी तो पुरेसा उतरत नाही. आधी तो माठातल्या गार पाण्याने धुवावा, मग झटकावा आणि लगेच लावावा. डिजिटल थर्मामीटरही अशा खोलीत चुकीचा आकडा देऊ शकतो, म्हणून तो घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावा.