तानपुरा काढा, टिंब सांभाळा

प्रश्न : आम्ही कॉलेजची मुलं शास्त्रीय संगीताचं मासिक काढतोय. मुखपृष्ठावर तानपुरा हवाच, असं सगळे म्हणतात. मला तो नकोय. नियम मोडू का?
– एक विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : खुशाल मोड, पोरी. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्याच बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. तिथल्या रस्त्याचा फोटो लावलास तरी मला आवडेल.

स्वरलिपीला, म्हणजे सूर कागदावर लिहायच्या खुणांना, मात्र हात लावू नकोस. भातखंडे पद्धतीत कोमल (उतरलेल्या) स्वराखाली आडवी रेघ, मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराखाली टिंब, तार (वरच्या सप्तकातल्या) स्वरावर टिंब. ओळी चिकटल्या की खालच्या ओळीचं तार टिंब वरच्या स्वराचं मंद्र वाटतं आणि शिकणारा चुकीचं गातो. तेव्हा ओळींत ऐसपैस जागा सोड. तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) एकाच ओळीत बसव. त्यासाठी पान आडवं करावं लागलं तर बेलाशक कर.