जीपीयूवर दोन स्ट्रीमचं काम संपल्यावरच तिसरं सुरू व्हावं, यासाठी डिव्हाइस-सिंक्रोनाइझ सोडून दुसरा मार्ग आहे का?

आहे. स्ट्रीम म्हणजे जीपीयूवर क्रमाने चालणाऱ्या कामांची रांग. दोन्ही स्ट्रीमची गाठ जीपीयूवरच मारा, त्यासाठी सीपीयूला ताटकळत ठेवू नका. तुम्ही लिहिलंय की प्रत्येक फेरीला कुडा-डिव्हाइस-सिंक्रोनाइझ (जीपीयूवरचं सगळं काम संपेपर्यंत सीपीयूला थांबवणारी, एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीतली आज्ञा) लावलं की वेग एकाच स्ट्रीमइतका पडतो, आणि काढलं की मधूनच एखादा निकाल चुकतो. या दोन्ही गोष्टींनी मलाही बरंच छळलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी जळगाव जिल्ह्यातला. सावद्याजवळच्या एका पॅकहाऊससाठी केळीची प्रतवारी करणारा प्रोग्राम लिहिला. बेल्टवरून फणी सरकते, एक कॅमेरा वरून फोटो घेतो, दुसरा बाजूने. वरच्या फोटोवरचं काम 'अ' स्ट्रीममध्ये, बाजूच्या फोटोवरचं 'ब'मध्ये, आणि दोन्ही मिळून सालीवरचे डाग मोजून प्रत ठरवायचं काम 'क'मध्ये. म्हणजे तुमचीच मांडणी.

आता केळीची गाडी भरताना काय होतं ते आठवा. दोन बागांत दोन टोळ्या घड कापतायत, गाडी बांधावर उभी. दोन्हीकडचा माल आल्याशिवाय गाडी निघत नाही, हे बरोबर. पण म्हणून मुकादमाने सगळ्या शिवारातलं काम थांबवून स्वतः बांधावर उभं राहायची गरज नसते. शेवटचा घड निघाला की टोळीने चिठ्ठी द्यायची, ड्रायव्हरने दोन चिठ्ठ्या हातात आल्यावर गाडी काढायची. मुकादम तोवर पुढच्या बागेची सोय लावतो. डिव्हाइस-सिंक्रोनाइझ म्हणजे तो बांधावर अडकलेला मुकादम. ती चिठ्ठी म्हणजे इव्हेंट.

'अ'मधला शेवटचा कर्नल (जीपीयूवर चालणारं फंक्शन) लाँच केल्यावर त्याच स्ट्रीममध्ये कुडा-इव्हेंट-रेकॉर्ड, म्हणजे चिठ्ठी देणं, 'ब'मध्ये तसंच, दोघांचे इव्हेंट वेगळे. मग 'क'मध्ये दोन वेळा कुडा-स्ट्रीम-वेट-इव्हेंट, म्हणजे चिठ्ठीची वाट बघणं, आणि त्यानंतरच 'क'चा कर्नल. या सगळ्या ओळी सीपीयूवरून लगेच परत येतात, वाट बघतो तो फक्त 'क'. इव्हेंट बनवताना वेळ मोजायची सोय बंद करणारा डिसेबल-टायमिंग फ्लॅग द्या, नुसत्या गाठीसाठी तोच हलका पडतो. सीपीयूला उत्तर खरंच हवं असेल, तिथे शेवटी एकच इव्हेंट-सिंक्रोनाइझ.

यातली एक खोच माहीत नसेल तर दिवसचे दिवस जातात. जो इव्हेंट अजून एकदाही रेकॉर्ड झालेला नाही, त्याच्यावर वेट लावलं तर एरर येत नाही. वेट नसल्यासारखं काम पुढे जातं. आणि वेट हे ती ओळ चालली त्या क्षणापर्यंतचं शेवटचं रेकॉर्ड धरतं, नंतरचं नाही. त्यामुळे सीपीयूवर दोन थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे) असतील, एक रेकॉर्ड करणारा आणि एक वेट लावणारा, तर वेटवाला आधी पोचला की गाठ बसलेलीच नसते. रेकॉर्ड आणि वेट शक्यतो एकाच थ्रेडमधून, त्याच क्रमाने लावा.

एवढं सगळं करूनही माझा निकाल चुकत होता. एक दिवस स्वच्छ, हिरवीगार फणी दुय्यम मालात गेली. ज्याचा माल होता तो शेतकरी शेजारीच उभा होता. त्याने फणी उचलून माझ्यासमोर धरली, सालीवर एक डाग नव्हता. प्रत घसरली की भाव घसरतो, आणि वर्षभर बाग सांभाळलेल्या माणसाला तो फटका माझ्या कोडमुळे बसणार होता. ती रात्र मी झोपलो नाही.

पुढे जाणारी गाठ मी मारली होती, मागे येणारी नव्हती. 'क' अजून या फणीचा फोटो वाचत होता, तेवढ्यात 'ब'ने पुढच्या फणीचा फोटो त्याच बफरवर, म्हणजे मेमरीतल्या त्याच जागेवर, आणून टाकला. वरचा फोटो एका फणीचा, बाजूचा दुसरीचा. 'क'चं वाचन संपल्यावरही एक इव्हेंट रेकॉर्ड करायला हवा, आणि 'अ', 'ब' यांनी बफरला पुन्हा हात लावण्याआधी त्यावर वेट. पहिल्या फेरीत तो इव्हेंट रेकॉर्ड झालेला नसतो, पण मघाची तीच खोच इथे कामी येते. वेट गुपचूप पुढे सोडतं. दोन बफर आलटून पालटून वापरले, प्रत्येकाला स्वतःचा इव्हेंट दिला, की वेगही टिकतो. तुमचा 'मधूनच चुकतो' हा प्रकार मला याच घरातला वाटतो. कुडाचं रेसचेक हे तपासणीचं साधन चालवून तो सापडणार नाही, ते फक्त शेअर्ड मेमरीतल्या (कर्नलमधल्या थ्रेडच्या एका गटाने वाटून घेतलेल्या छोट्या मेमरीतल्या) धडका पाहतं.

वेगाचं म्हणाल, तर एखादा कर्नल स्ट्रीम न सांगता लाँच होतोय का ते शोधा. तो जुन्या पद्धतीच्या डीफॉल्ट स्ट्रीममध्ये जातो, आणि साध्या रीतीने बनवलेले बाकीचे स्ट्रीम त्याच्या आगेमागे थांबतात. नॉन-ब्लॉकिंग फ्लॅग देऊन स्ट्रीम बनवले तर ते थांबणं जातं, पण तोवर नकळत मिळणारी शिस्तही जाते, तेव्हा गाठी आधी पक्क्या करा. तसंच फोटो पिन केलेल्या (ऑपरेटिंग सिस्टिम हलवू शकत नाही अशा) मेमरीत नसेल तर मेमकॉपी-एसिंक, म्हणजे सीपीयूला न थांबवता कॉपी करणारी आज्ञा, नावालाच एसिंक राहते.

एनसाइट सिस्टिम्स या एनव्हिडियाच्या साधनात, कोणतं काम कधी चाललं हे दाखवणारी पाच-दहा फेऱ्यांची टाइमलाइन काढा. 'अ' आणि 'ब'च्या पट्ट्या एकावर एक चढलेल्या दिसतात का, आणि 'क'ची पट्टी संपायच्या आत त्याच बफरवरची कॉपी सुरू होते का, एवढं आधी बघा. तरीही चुकलं तर कर्नल लाँच करण्याचा भाग प्रश्नात जोडा, मी वाचून सांगतो.