बिस्बीच्या सहलीसाठी आरव्ही भाड्याने घ्यावी का?

ॲरिझोनातल्या चँडलरहून एका वाचकाचा प्रश्न आहे. सहा नोकरदार मित्र शुक्रवारी संध्याकाळी निघून बिस्बी या तांब्याच्या खाणींच्या जुन्या गावी जाणार आणि रविवारी परतणार. 25 फुटी क्लास सी आरव्ही, म्हणजे केबिनमागे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, रात्रीला 180 डॉलर, तीन रात्रींचं भाडं. करार वाचकाच्या नावावर, पैसे त्याच्याच क्रेडिट कार्डावर. त्याच्या बँकेत 11 हजार डॉलर आहेत, नोकरी एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर. ‘माणसी 90 डॉलरच पडतात आणि कार्डावर विमा आहेच, तर आरव्ही देणाऱ्या कंपनीचा विमा नाकारू का?’ असं तो विचारतो.

या सहलीसाठी आरव्ही घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि घेतलीच, तर विमा मुळीच नाकारू नका.

आधी ते 90 डॉलर बघू. भाड्याचे 540. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्येच गाडी तयार करून देण्याचे 125 आणि विम्याचे दिवसाला 40 आहेत, म्हणजे झाले 785. रात्रीमागे 100 मैल मोफत, पुढे मैलाला 40 सेंट. चँडलर ते बिस्बी एका बाजूने सुमारे 190 मैल. इकडचं तिकडचं धरून 420 मैल होतील, म्हणजे जादा 120 मैलांचे 48. अशी गाडी गॅलनला 8 ते 10 मैल देते. 47 गॅलन पेट्रोल साडेतीन डॉलरने धरलं तरी 165. आरव्ही पार्कच्या, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेच्या, दोन रात्री 110, कर आणि प्रोपेन मिळून 80. बेरीज 1190च्या घरात जाते, माणसी जवळजवळ 200.

यातली तिसरी रात्र तर निव्वळ वाया. आरव्ही देणाऱ्या कंपनीचं ऑफिस रविवारी बंद, त्यामुळे गाडी सोमवारी सकाळी परत करायची, आणि रविवारी रात्री ती तुमच्या दारात उभी. त्या रात्रीचे 180 डॉलर भराच, शिवाय सोसायटीच्या एचओएच्या (घरमालक संघाच्या) नियमांत रात्रभर आरव्ही उभी करायला परवानगी आहे का, तेही आधी बघा.

दोन स्वतःच्या गाड्या नेल्या तर दोन्हींचं मिळून 30 गॅलन, म्हणजे 105 डॉलर. दोन रात्रींसाठी घर रात्रीला 250 डॉलरने धरू; साफसफाई आणि कर धरून 620. एकूण 725, माणसी 120. जेवणाचा खर्च दोन्हीकडे तोच, कारण भाड्याच्या घरालाही स्वयंपाकघर असतं.

दुसरं कारण त्या गावातच आहे. 1880 मध्ये वसलेलं बिस्बी अरुंद घळीत आहे. घरं डोंगरउतारावर चढत गेलेली, खाणकामगार पायऱ्यांनी ये-जा करायचे. 1975 मध्ये खाणी बंद झाल्या, गल्ल्या तशाच राहिल्या. 25 फुटी गाडी जुन्या गावात वळवणं सोपं नाही, उभी करणं त्याहून कठीण. ती पार्कमध्येच राहणार आणि तुम्ही पायी फिरणार. चाकांवरच्या खोलीचं भाडं भरून ती जागची हलवायचीच नाही, हा व्यवहार मला पटत नाही.

पण खरी जोखीम भाड्यात नाही, सहीत आहे. बहुतेक क्रेडिट कार्डांच्या भाडेगाडी-विम्यातून आरव्ही स्पष्टपणे वगळलेली असते. तुमच्या कारची पॉलिसीही आरव्हीला लागू होईलच असं नाही. विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. लायेबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा, आकडा तर नक्की विचारा. ॲरिझोनात सक्तीची किमान रक्कम जखमी माणसामागे 25 हजार, एका अपघाताला 50 हजार आणि मालमत्तेसाठी 15 हजार डॉलर आहे. एखादी नवी एसयूव्ही ठोकली गेली तर 15 हजारात भागत नाही, उरलेलं अंगावर येतं. एच-वन-बीवर नोकरी गेली तर देशात राहायला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते. तुमचे 11 हजार त्या दिवसांसाठी आहेत, मित्रांच्या सहलीला तारण ठेवण्यासाठी नाहीत.

कंपनीचा विमा घेतला तरी दोन कलमं वाचा: छताचं नुकसान आणि ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूला उघडणारं कापडी छप्पर. ही दोन्ही बऱ्याचदा विम्याबाहेर असतात. क्लास सीची उंची 11-12 फूट. रोज कार चालवणाऱ्याला ती लक्षात राहत नाही, आणि पेट्रोल पंपाच्या किंवा ड्राइव्ह-थ्रूच्या छपराला वरचा एसी घासतो. उंचीचा आकडा चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. ऑनिंग उघडी टाकून गावात जाऊ नका. वाऱ्याच्या एका झोताने तिचे दांडे वाकतात.

तरीही सगळ्यांना आरव्हीच हवी असेल, तर सही करण्याआधी ग्रुपवर लेखी ठरवा: डिडक्टिबल (विम्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) आणि विम्याबाहेरचं नुकसान सहा जणांत समान, चालवणारा कोणीही असो. चालवणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवंच. नाव नसलेल्याने चालवताना अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. ‘सहा जण झोपतात’ म्हणजे सहा सीटबेल्ट असतातच असं नाही, ते मोजा. ताब्यात घेताना छताच्या कडा, ऑनिंग, टायर आणि टाक्यांचे मीटर यांचा व्हिडिओ काढा.

पार्कमध्ये 30 अँपियरची जोडणी म्हणजे 3600 वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की ब्रेकर पडणारच. संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामात बंद ठेवा. उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, घट्ट मैला तळाशी बसतो, आणि परत देताना टाकी साफ करण्याचा दंड लागतो. रिकामी करताना आधी ही टाकी, मग सांडपाण्याची. म्हणजे पाईप आपोआप धुतला जातो.

पुढे सहा जणांनी मिळून जुनी आरव्ही विकत घ्यायचा विचारही तुम्ही कळवलाय. त्याला नाही म्हणा. कर्जावर सहा सह्या असल्या तरी एकाने हप्ता चुकवला की बँक उरलेल्या कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते.

घर आणि बिस्बीतल्या क्वीन माईन या जुन्या खाणीची टूर आताच बुक करा. खाणीत वर्षभर 47 फॅरनहाइटच्या आसपास असतं, जॅकेट न्या. येताना टूम्बस्टोन गावाच्या उत्तरेला हायवे 80 वर बॉर्डर पॅट्रोल या सीमा-गस्ती दलाचं चेकपॉइंट लागतं, तेव्हा पासपोर्ट आणि आय-94 (देशातल्या प्रवेशाची नोंद) प्रत्येकाने जवळ ठेवा.