शिरगणतीच्या कागदांत पणजोबा सापडतील का?

प्रश्न : माझा नातू इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तो राहतो त्या घरात 1921 साली कोण राहत होते, हे त्याला तिथल्या जनगणनेच्या कागदांत नावानिशी वाचायला मिळाले. आता आपल्या घराण्याचीही 1921 किंवा 1931 ची नोंद शोधावी, असा त्याचा आग्रह आहे. पणजोबांच्या मागचे नाव घरात कुणालाच ठाऊक नाही. अर्ज कोठे करावा?
— एक वाचक, आष्टी तालुका, जि. वर्धा

उत्तर : त्या नोंदीसाठी अर्ज करून उपयोग नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इंग्लंडमध्ये जनगणनेचे मूळ कागद शंभर वर्षे बंद ठेवून मग खुले करतात, म्हणून 1921 चे कागद 2022 च्या जानेवारीत लोकांसमोर आले. (तिथलेही 1931 चे कागद 1942 च्या आगीत जळाले, हे नातवाला जरूर सांगावे.) आपल्याकडे मात्र आकड्यांची कोष्टके तयार झाली की घरोघरच्या नोंदींचे कागद जपून ठेवण्याची रीत नव्हती. शिवाय 1948 च्या जनगणना अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत, आणि अमुक वर्षांनी त्या खुल्या होतील अशी मुदतही त्यात नाही. जुने छापील अहवाल जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, परंतु त्यांत जिल्ह्यानुसार जातींची लोकसंख्या सापडेल, आपले पणजोबा नाहीत.

एक अपवाद लक्षात ठेवावा. 1951 च्या जनगणनेच्या वेळी गावोगावच्या माणसांची नावे उतरवून नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर तयार केले होते. आपल्या गावाचे रजिस्टर टिकले असेल, तर आजोबांच्या घरातील सारी माणसे एका जागी दिसतील.

त्याहून मागे जायचे असेल तर कोतवाल बुकाला पर्याय नाही. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची वर्दी देत असे आणि तीवरून या बुकात नोंद होई. बहुतेक नोंदींत बाळाचे नाव नसते. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख, एवढेच असते. आडनाव तर अनेकदा गाळलेले असते, त्यामुळे आडनाव धरून शोधणारे हटकून चुकतात. तरीही कोतवाल बुक पाहावेच. बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे जमीन महसूल ठरवतानाच्या जुन्या कागदांत, मालगुजार (गावचा सारा भरणारे जमीनदार) आणि कास्तकार यांची नावे येतात, भूमिहीन मजुराचे सहसा येत नाही. कोतवाल बुकात मात्र त्याच्या घरच्या जन्ममृत्यूचीही नोंद होई. म्हणून आपल्याकडे शेती होती की नव्हती, हे आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे आणि कोणत्या कागदापासून सुरुवात करायची ते त्यावर ठरवावे. आजोबांचा शाळेतील दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळाला, तर जन्माचे वर्ष ढोबळ का होईना हाती येते, आणि पाने चाळण्याचे श्रम निम्म्यावर येतात.

आष्टीचा भाग पूर्वी आर्वी तहसिलीत होता. तेव्हा आष्टीत "रेकॉर्ड नाही" असे उत्तर मिळाले तरी परत फिरू नये. आर्वीच्या अभिलेख कक्षात गावाचे नाव आणि अंदाजे वर्षे लिहून नकलेचा अर्ज द्यावा. काही पाने मोडीत निघतील, म्हणून मोडी वाचणारे कुणी ओळखीचे असल्यास सोबत न्यावे.