‘या गोळ्यांची सवय लागेल ना?’

नैराश्याच्या गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी येतो. पेशंट कमी विचारतात, त्यांना घेऊन आलेली माणसं जास्त. उत्तर तसं दोन वाक्यांत देता येतं, पण दोन वाक्यांनी कुणाचं समाधान झालेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून शिवणकाम करणाऱ्या एका ताईंची हकिगत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वय 44. सातारा जिल्ह्यातलं मोठं गाव, घरातच मशीन, ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं. बारावीतली मुलगी त्यांना घेऊन आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, खिळ्यांवर तेवीस पिशव्या आहेत.” मला काही कळेना. मग उलगडलं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं कापड आणि मापाचा ब्लाउज एका पिशवीत, वर नावाची चिठ्ठी, आणि पिशवी भिंतीवरच्या खिळ्याला. एरवी आठ-दहा असायच्या. आता कुणी तगादा लावायला आलं की ताई आतल्या खोलीत जाऊन पडायच्या आणि मुलगी दारातून सांगायची, “आई बाहेर गेलीय.”

सासूबाईंचं निदान ठरलेलं होतं: अंगात आळस भरलाय. नवऱ्याच्या मते रात्रभर मोबाईल बघण्याचा परिणाम. ताई रात्री मोबाईल बघायच्या हे खरं, पण पहाटे तीनला जाग यायची आणि नंतर डोळ्याला डोळा लागायचा नाही, म्हणून. सकाळ सगळ्यात जड, संध्याकाळी जरा उसंत. जेवण पोटात ढकलायचं. हे तीन महिने चाललेलं. रडू येतं का विचारलं तर म्हणाल्या, “आलं असतं तर बरं झालं असतं.” मग आपणहून एक गोष्ट सांगितली. शेजारणीने नवा खण आणला होता, काठ सुरेख. पूर्वी त्यावरून हात फिरवल्याशिवाय राहवलं नसतं. “बघितला आणि ठेवून दिला. तेव्हा वाटलं, मला काहीतरी झालंय.”

नैराश्याची ओळख करून द्यायला मी आजही हाच खण वापरते. दुःखात माणसाला काहीतरी टोचत असतं. या आजारात बऱ्याचदा काही टोचतही नाही आणि काही आवडतही नाही. असं बहुतेक दिवस, दिवसाचा बहुतेक वेळ, किमान दोन आठवडे राहिलं आणि जोडीला झोप, भूक, ताकद बिघडली, की ‘मूड नाही’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. नऊ प्रश्नांची एक चाचणी असते, तीत त्यांना 27 पैकी 19 गुण आले. म्हणजे बरंच तीव्र.

मरणाचे विचार येतात का, हे मी सरळ विचारते. विचारल्याने ते डोक्यात शिरतात हा गैरसमज आहे. उलट मोकळं वाटतं. ताई म्हणाल्या, “जिवाचं काही करणार नाही. पण सकाळी जाग आलीच नाही तर सुटेन.” हेही गंभीरच. मुलीच्या मोबाईलमध्ये टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तिथेच सेव्ह केला आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. मी समुपदेशक, गोळ्या लिहून देणं माझं काम नाही. त्यांनी आधी थायरॉईड तपासलं (त्याच्या बिघाडातही असंच वाटू शकतं), ते नॉर्मल निघालं. मग रोज एक गोळी सुरू झाली.

इथे माझी चूक झाली. पुढच्या दोन भेटींत मी घरातल्या बोलाचालीबद्दल विचारत राहिले. गोळी घेता का, हे विचारलंच नाही. तिसऱ्या भेटीत मुलीने पर्समधून पट्टी काढून टेबलावर ठेवली. दहातल्या चार तशाच. बॉबिनच्या डबीत, दोऱ्यांखाली सापडली होती.

ताई खाली बघत म्हणाल्या, “मळमळत होतं. फरक तर काहीच नव्हता. आणि जाऊबाई म्हणाल्या, एकदा चिकटल्या की जन्माच्या.”

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी होऊ शकते आणि गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे आधी त्रास, मग आराम. हे आधी सांगितलं नाही तर सहाव्या दिवशी पट्टी बॉबिनच्या डबीत जाणारच. सवयीची भीती मात्र अगदीच हवेतली नाही. झोपेच्या, घबराटीच्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि लोकांच्या लेखी ‘डोक्याच्या गोळ्या’ सगळ्या एकच. नैराश्याच्या गोळीची तलफ येत नाही, डोस वाढवत न्यायची ओढ लागत नाही. पण ती एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात झटके बसल्यासारखं होऊ शकतं, म्हणून डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात. आजाराची पहिलीच खेप असेल तर साधारणपणे बरं वाटू लागल्यावर आणखी सहा ते नऊ महिने चालू ठेवतात. आजार पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जास्त.

‘बीपीच्या गोळीसारखंच समजा,’ असं अनेक जण सांगतात. मला ते पटत नाही. बीपीची गोळी बहुधा कायमची असते, आणि समोरच्याला तर कायमचीच भीती! ताईंनीच मला त्यांच्या धंद्यातला दाखला दिला. “म्हणजे कच्चा टाका. पक्की शिलाई झाली की ओढून काढायचा, आधी काढला तर कापड सरकतं.” तेव्हापासून मी तोच सगळ्यांना सांगते, त्यांची परवानगी घेऊन.

गोळी पुन्हा सुरू झाली, डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवणानंतर. माझ्याकडून काम एवढंच होतं: मन लागायची वाट न बघता रोज एक साडी घ्यायची आणि फॉल लावायचा. संपूर्ण नाही, एक वीतभर. पहिल्या आठवड्यात चार दिवस जमलं, तीन दिवस नाही. नवऱ्याला मी फक्त एक वाक्य बंद करायला सांगितलं, “जरा मनावर घे की.” त्याला ते सगळ्यात अवघड गेलं. पाचव्या आठवड्यात ताई साडेपाचपर्यंत झोपल्या आणि जागं झाल्यावर घड्याळ बंद पडलंय असं त्यांना वाटलं.

गोळी पुढच्या वर्षी हळूहळू कमी होत थांबली. शेवटच्या टप्प्यात चार दिवस गरगरलं, मग थांबलं. आजार परततोय का हे ओळखायची खूण मुलीने ठरवली: पहाटे तीनची जाग, किंवा खिळ्यांवर पंधराच्या वर पिशव्या. मागच्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, सतरा. मी लगेच फोन केला. ताईंनीच उचलला, मागे मशीनचा आवाज चालू होता. “अहो मॅडम, लग्नसराई आहे.”